ट्रॅम्पोलिनच्या वर्गासाठी गाणी निवडताना: आधी जाळी, मग गाणं

ट्रॅम्पोलिनवरच्या व्यायामाचा वर्ग सुरू केला तेव्हा मी माझ्या आवडीची दहा गाणी लावली आणि बारापैकी नऊ बायका तालाबाहेर उड्या मारत होत्या. म्हटलं, नवीन आहेत, जमेल हळूहळू. तिसऱ्या आठवड्यातही तेच. मागच्या रांगेत एक काकू आहेत, माहेर कुडाळचं. घाम पुसत खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "पाय खंय आणि गाणा खंय! माका ह्या जमाचा नाय." मी त्यांना धीर दिला, सरावाने येईल वगैरे. त्या रात्री घरी ट्रॅम्पोलिनवर एकटीच उभी राहिले, गाणं न लावता नुसती खालीवर झाले आणि मोजलं. चूक काकूंच्या पायांची नव्हती. माझी गाणी मिनिटाला १३८ ठोक्यांची होती आणि माझ्या ट्रॅम्पोलिनची ताणलेली जाळी मला मिनिटाला १२५ वेळा वर फेकत होती.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ पहिल्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये मी हा वर्ग घेते. बारा छोटे ट्रॅम्पोलिन, सकाळची एक बॅच, संध्याकाळच्या दोन. झुंबा किंवा एरोबिक्सकडून इकडे वळलेल्या बहुतेकींचं माझ्यासारखंच होतं: जमिनीवर चालणारी गाण्यांची यादी तशीच्या तशी जाळीवर आणतात. जमिनीवर लय आपण ठरवतो. इथे निम्मी लय जाळी ठरवते, आणि ती कुणाचं ऐकत नाही.

जाळीचा ताल मोजा

गाणी ऐकायला बसण्याआधी हे करा. वेगवेगळ्या वजनाच्या तीन जणींना बोलवा. प्रत्येकीला जाळीच्या मधोमध उभं करा, पाय जाळीवरून न सुटता नुसतं खालीवर व्हायला सांगा. मुद्दाम जोर लावायचा नाही, रोखायचंही नाही. शरीर एका लयीत आलं की मोबाइलवर १५ सेकंद लावा आणि किती वेळा खाली गेली ते मोजा. आलेल्या आकड्याला चाराने गुणा. माझ्याकडे सडपातळ मुलीचे ३३ आले, म्हणजे १३२. मध्यम बांध्याच्या ताईंचे ३०, म्हणजे १२०. कुडाळच्या काकूंचे २८, म्हणजे ११२.

वजन जास्त असेल तर जाळी जास्त दबते, आणि जास्त दबलेल्या जाळीचा झोका संथ असतो. कोण किती फिट आहे याचा इथे काही संबंध नाही. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ट्रॅम्पोलिनच्या कडेवरून कडेपर्यंत सुतळी ताणून धरा, मध्ये एकीला स्थिर उभं करा आणि सुतळीपासून तळपायापर्यंत किती खड्डा पडला ते पट्टीने मोजा. ५ सेंटीमीटर दबली तर गणिताने मिनिटाला साधारण १३४ झोके येतात, ६ ला १२२, ७ ला ११३ आणि ८ ला १०६. जाळी खोल जाईल तशी ताठ होत जाते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा थोडा वर जाईल. अंदाजापुरतं ठीक आहे, भरवसा मात्र पायांच्या मोजणीवर ठेवा.

स्प्रिंगवाल्या आणि इलॅस्टिक दोरवाल्या ट्रॅम्पोलिनमध्ये फरक पडतो. दोर असलेले बहुधा मऊ, त्यामुळे संथ. तुमच्याकडे दोन्ही असतील तर जड बांध्याच्या व्यक्तीला ताठ जाळी द्या, हलक्या मुलींना मऊ. एवढ्यानेच वर्गातला निम्मा गोंधळ मिटतो. आणि आपल्याकडे हे दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं, कारण खारी हवा स्प्रिंगांना सोडत नाही. गंजून करकरणारी स्प्रिंग बदलायची, तेल घालून रेटायची नाही.

तिघींच्या आकड्यांवरून तुमच्या गाण्यांच्या वेगाचा पट्टा ठरतो. माझा १२० ते १२८. जाळीच्या स्वाभाविक लयीपेक्षा पाच-आठ ठोके वेगवान गाणं असेल तर पाय जोराने दाबून ते गाठता येतं, दमही चांगला लागतो. काकूंचे ११२ असले तरी त्या १२० पर्यंत येतात. त्याच्या वर त्यांना जागेवर चालायची स्टेप देते, जाळी त्यात कमी दबते.

आता उलट बाजू, जी बऱ्याच जणींना पटत नाही. संथ गाणं म्हणजे सोपं गाणं, असं जाळीवर नसतं. गाणं १०० चं असेल आणि जाळी १२४ ची, तर पुढच्या ठोक्याची वाट बघायला जागा कुठे? हवेत. म्हणजे उडी उंच जाते. १९८० साली 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी'मध्ये आठ तरुणांवरचा एक अभ्यास छापून आला होता. व्हॉट्सअॅपवर "नासाने सांगितलंय" म्हणून फिरतो तोच. धावताना हिसका घोट्यापाशी सर्वांत जास्त बसतो, पाठीला आणि डोक्याला कमी. जाळीवर तो तिन्ही ठिकाणी साधारण सारखा वाटला जातो, असं त्यात दिसलं. घोट्याला ही चैनच आहे. पण उडी उंच गेली की मान, कंबर आणि ओटीपोटाखालचे स्नायू या सगळ्यांना तो हिसका बसतो. बाळंतपणं झालेल्या, चाळिशी उलटलेल्या बऱ्याच बायकांना उंच उडीत लघवीचे थेंब सुटण्याचा त्रास होतो. कुणी बोलून दाखवत नाही, गुपचूप वर्ग सोडतात. म्हणून ११६ च्या खालच्या गाण्यावर मी उडी ठेवतच नाही. चालणं, डोलणं, हात. आणि वर छताचा पंखा किती उंचीवर फिरतोय तेही एकदा बघून घ्या.

गाण्याचा वेग मोजा, पण अॅपवर डोळे मिटून विसंबू नका

गाणं लावा, टाचेने ठोका धरा, १५ सेकंद मोजा, चाराने गुणा. ठोक्यावर बोट आपटून किंवा गाणं ऐकून आपोआप वेग सांगणारी मोफत अॅपही मिळतात. आपोआप सांगणाऱ्यांचा एक घोळ लक्षात ठेवा: १२४ चं गाणं ते कधी ६२ दाखवतात, कधी २४८. आकडा विचित्र वाटला तर दुप्पट किंवा निम्मा करून बघा.

गाणं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा मोजा. जुनी हिंदी-मराठी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, संगणकाच्या टिकटिकीवर नाही. त्यांचा वेग चढतो, उतरतो. ऐकायला तोच जिवंतपणा गोड लागतो, जाळीवर मात्र तिसऱ्या कडव्यात सगळ्या जणी अर्धा ठोका मागे राहिलेल्या दिसतात. सुरुवात आणि शेवट यांत तीन-चार ठोक्यांहून जास्त फरक असेल तर ते गाणं मी शेवटच्या शवासनासाठी ठेवते.

गाणं आवडतंय पण वेग ११८ आहे, असं झालं तर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये आवाजाची पट्टी न बदलता वेग बदलता येतो. ११८ वरून १२५ म्हणजे साधारण सहा टक्के, एवढं कानाला खटकत नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की गायिका घाईत बाजाराला निघाल्यासारखी वाटते.

आठाचा हिशेब

वर्गातल्या स्टेप आठ-आठ ठोक्यांच्या असतात आणि असे चार आठ मिळून बत्तीसचा एक डाव होतो. १२८ च्या गाण्यात बत्तीस ठोके बरोबर १५ सेकंदांत संपतात. म्हणून गाणं निवडताना कागदावर प्रत्येक आठाला एक रेघ ओढत ऐका. चार रेघांनी गाण्यात काहीतरी बदलतं का? ढोलकी वाढते, कोरस येतो, बासरी निघते? तसं होत असेल तर ते गाणं जवळ करा. तीन रेघांनंतरच मुखडा टपकत असेल तर स्टेप बदलताना तुमची तारांबळ उडणार.

आपल्या गाण्यांचा मुखडा-अंतऱ्याचा साचा इथे फार उपयोगी पडतो. मी मुखड्याला एक स्टेप बांधते आणि मुखडा परत आला की तीच स्टेप परत. अंतऱ्यात नवं काहीतरी. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात सर्वांत दमवणारा प्रकार, कारण तेव्हा शब्द नसतात आणि माझा आवाज ऐकू जातो. दोन वर्गांनंतर बायकांना सांगावं लागत नाही, मुखडा ऐकला की पाय आपोआप वळतात. सूचना मात्र शेवटच्या आठातल्या पाचव्या ठोक्यावरच द्यायची. १२८ च्या वेगात चार ठोके म्हणजे जेमतेम दोन सेकंद, तेवढ्यात "आता उजवीकडे, हात वर, आणि मग" असं वाक्य मावत नाही. "उजवी!" बास. आणि हात दाखवायचा.

पायांचा ठोकाही सांगून ठेवा: ठोक्यावर खाली. जमिनीवर नाचणारी बाई बरेचदा ठोक्यावर वर उडते, ही जुनी सवय मोडायला चार वर्ग लागतात. म्हणून सुरुवातीची गाणी निवडताना खालचा ठोका जड वाजणारी, ढोलकीचा धुम् स्पष्ट असलेली घ्या.

हिंदी गाण्यांना सुरुवातीला बरेचदा तीस-चाळीस सेकंद नुसता आलाप असतो. तो कापा, नाहीतर पाणी प्यायला वापरा. जाळीवर उभ्या असलेल्या बाईला ठोका नाही मिळाला तर ती आपला ठोका सुरू करते, आणि बारा जणींचे बारा.

कोळीगीत, लेझीम आणि शिमग्याचा ढोल

कोकणात वर्ग घेता आणि कोळीगीत लावत नाही, असं चालत नाही. मांडवी आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या बायका दुसऱ्याच दिवशी विचारतील. पण बहुतेक कोळीगीतांची चाल सहाच्या अंगाची आहे, दादऱ्यासारखी: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. आठ मोजत बसलात की तिसऱ्या फेरीला घसरलात. सहा मोजूच नका. एक आणि चार हे दोन मोठे ठोके धरा, त्यांवर खाली जा, आणि त्या मोठ्या ठोक्यांचा वेग तुमच्या पट्ट्यात बसतो का बघा. असे आठ मोठे ठोके धरले की मोजणी पुन्हा आपल्या ओळखीच्या आठावर येते. स्टेप मात्र बदला. हातपाय फाकवून मारायची उडी कोळीगीतावर ठोकळ्यासारखी दिसते. डावीकडे-उजवीकडे वजन टाकत डोलणं, कंबर वळवणं, वल्ही मारल्यासारखे हात, हे तिथे आपोआप येतं. गुजराती गरब्यातल्या सहा मात्रांच्या हिंच चालीलाही हेच लागू.

आठ मात्रांचा केहरवा आणि भजनी ठेका जाळीला सोयीचे. सातचा रूपक, दहाचा झपताल यांच्या वाटेला जाऊ नका, कितीही मोह झाला तरी. लेझीम मात्र हुकमी. शाळेच्या पटांगणात लेझीम खेळलेली पिढी माझ्या सकाळच्या बॅचला आहे. हलगीवर लेझीम सुरू झाली की आठाची मोजणी त्यांच्या अंगातच असते, मला तोंड उघडावं लागत नाही.

शिमग्याचा ढोल हे वेगळं प्रकरण. फाल्गुनात पालखी नाचवून आलेल्या बायका तो ढोल मागतात, आणि मागणारच. पण प्रत्यक्षातलं वादन मोबाइलवर टिपून आणलेलं असेल तर त्याची लय चढत जाते, पालखी खांद्यावर असताना ती चढायलाच हवी. जाळीवर ती दीड मिनिटात पायांच्या हाताबाहेर जाते. मी अशा तुकड्यातलं पहिलं मिनिटभर कापून घेते आणि अगदी शेवटी, उतरायच्या आधी वाजवते. गणपतीतल्या जाखडी नाचाच्या गाण्यांचंही असंच: संथ सुरुवात सरावाला छान, पुढचा भाग जमिनीवर नाचायला.

देवाच्या गाण्यावर उड्या मारणं काहींना आवडत नाही, काहींना त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. विचारून घ्या. माझ्याकडे तोडगा निघाला तो असा की अभंग शेवटी, खाली चटईवर बसून. दुहेरी अर्थाची गाणी संध्याकाळच्या बॅचला चालतात असं मला वाटायचं, तोवर एक ताई दहावीतल्या मुलीला घेऊन आल्या.

पंचेचाळीस मिनिटं कशी भरायची

पहिली दोन गाणी ११६ ते १२० ची, पाय जाळीवरून न सोडता. घोटे, गुडघे, खांदे जागे होईपर्यंत उडीला हात लावायचा नाही. मग तीन गाणी १२२ ते १२६ ची, त्यांत साधी उडी, फाकवलेली उडी, कंबरेचा पीळ. पाचव्या गाण्याला श्वास लागलेला असतो, पण बोलता यायला हवं. जाळीवरून "बाय गो!" असं ओरडता येतंय तोवर ठीक.

सहाव्याला धाव. इथे १५० ते १६० चं गाणं चालतं, आणि पट्ट्याच्या बाहेरचं म्हणून दचकू नका. एकेक पाय आलटून पालटून पडत असल्याने जाळी पूर्ण दबतच नाही, तिचा संथ झोका आडवा येत नाही. पण पूर्ण गाणं नको. बत्तीसचे दोन डाव धाव, एक डाव चालणं, असं तीनदा पुरे. त्यानंतर कोळीगीत, डोलत. मग पुन्हा दोन गाणी १२४ ते १२८ ची, दिवसातली सर्वांत लाडकी, कारण या वेळी अंग कुरकुरतं आणि गाणंच ओढून नेतं. शेवटचं मिनिट ढोल. मग ९० च्या खालचं काहीतरी लावून जाळीवर चालत श्वास खाली आणायचा, खाली उतरून ताण द्यायचे. उतरताना पहिलं पाऊल जड पडतं, जमीन ओढून घेतेय असं वाटतं. नव्या बाईला आधी सांगून ठेवा आणि एक हात द्या.

दोन गाण्यांच्या मध्ये शांतता ठेवू नका, आणि एकात एक मिसळायची सोयही बंद करा. १२२ चा शेवट आणि १५० ची सुरुवात तीन सेकंद एकत्र वाजली की बारा जणी दोन पक्षांत विभागल्या जातात. एकामागोमाग एक, लगेच, पण न मिसळता.

लाईट, पाऊस आणि सासूबाईंचा फोन

गाणी डाउनलोड करून ठेवा. जुलैत नेट जातं, लाईट तर जातेच. चार्ज केलेला स्पीकर नसेल तर टाळ्या वाजवत वर्ग पुरा करावा लागतो. मी केलाय, पंचवीस मिनिटं, तळहात लाल झाले. मोबाइल विमान मोडवर. हे मी शिकले ते धावेच्या ऐन दुसऱ्या डावात गाणं थांबलं आणि स्पीकरवर सासूबाईंच्या फोनची रिंग घुमली तेव्हा. बारा जणी त्या रिंगच्या तालावर चार ठोके उडल्या, मग हसून एकेक जण खाली बसली.

छतावर पत्रे असतील तर मुसळधार पावसात गाण्यातलं नाजूक सगळं वाहून जातं, उरतो तो ठोका. जून ते सप्टेंबरची माझी यादी म्हणून वेगळी आहे: टाळी, हलगी, ताशा असे कडक आवाज असलेली गाणी, बासरी-संतूरवाली नाहीत. स्पीकर जमिनीवर ठेवू नका. स्टुलावर, कानाच्या उंचीला, वर्गाच्या समोर. आमच्या खाली पतपेढी आहे. बास कमी करून वरचे आवाज वाढवले तेव्हापासून मॅनेजर साहेब जिन्यात हसून नमस्कार करतात. ब्लूटूथने आवाज उशिरा येतो म्हणून घाबरवतात. एकच स्पीकर असेल तर सगळ्यांना तो सारखाच उशिरा येतो, काही बिघडत नाही. एक वायरवर आणि एक ब्लूटूथवर मात्र कधी लावू नका.

आवाज किती? तुम्ही दिवसाला तीन वर्ग घेता, तेव्हा आधी स्वतःचे कान बघा. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला फक्त एक तास. मोबाइलवरच्या डेसिबल अॅपने अंदाज येतो. माझा मी ८५ च्या आसपास ठेवते आणि ओरडण्याऐवजी कॉलर माइक लावते. आपल्याकडच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे, आणि रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पहाटे साडेपाचची बॅच गच्चीवर घ्यायचा विचार असेल तर सहा वाजेपर्यंत तोंडाने मोजा.

परवान्याचं थोडक्यात. पैसे घेऊन चालणाऱ्या वर्गात गाणं वाजवणं म्हणजे घरात ऐकणं नव्हे, आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा इथे लागू होतो. शब्द-चालीचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. पहिल्यासाठी आयपीआरएस ही संस्था, दुसऱ्यासाठी बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वतीने पीपीएल ही संस्था परवाना देते. मोबाइलवरची गाण्यांची वर्गणी साधारणपणे वैयक्तिक वापरापुरती असते, अटी वाचून घ्या. लोकगीताची चाल कुणाच्या मालकीची नसली तरी त्याचं रेकॉर्डिंग कुणाचंतरी असतं. पण तुमच्या गावातल्या ढोलकीवाल्याला मानधन देऊन १२४ च्या वेगात वीस मिनिटं वाजवून घेतलीत, आणि वर्गात वापरायची त्याची लेखी परवानगी घेतलीत, तर हा प्रश्नच उरत नाही, आणि ठोका तुम्हाला हवा तिथे पडतो. मी गेल्या गणपतीनंतर तसं करून घेतलं. त्याने पहिल्यांदा १२४ वरून सुरू करून १४० वर नेऊन ठेवलं; कानात टिकटिक लावून दिली तेव्हा दुसऱ्या खेपेला जमलं.

वर्गात आणण्याआधी

नवीन गाणं थेट वर्गात लावू नका. स्वतः एकदा पूर्ण उडून बघा, मग एका जड आणि एका हलक्या बाईला बोलवून त्यांच्या पायांकडे बघा, चेहऱ्याकडे नाही. चेहरा गाण्यावर खूश होतो. पाय दुसऱ्या कडव्यात मागे पडायला लागले की गाणं परत. माझ्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे चार रकाने आहेत: वेग, आठाची जोडणी, आलाप किती सेकंद कापला, आणि कोण मागे पडलं. पंधरवड्याला दोनच गाणी बदलते, सगळी बदलली की स्टेप पाठ असल्याचं सुख जातं. आंब्याच्या हंगामात तर एकही बदलत नाही, निम्म्या जणी पेट्या भरत असतात आणि जून उजाडल्यावर जुन्याच गाण्यावर परत यायचं असतं.

कुडाळच्या काकूंसाठी त्यांच्या ट्रॅम्पोलिनचे मऊ दोर काढून कडक बसवले. आता त्यांचे १५ सेकंदांत ३० येतात. परवा त्यांनी स्वतःहून एक गाणं आणलं, मालवणी, लग्नातलं. मोजलं तर १२२.